कावा

माझे आजोबा होळकर सरकारच्या पागेत कारकून होते. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि त्यांची नोकरी संपली, पण पागेची भाषा काही त्यांच्या तोंडून गेली नाही. जेवणाला उशीर झाला की 'आज चंदी कुठे अडली?' असे ते स्वयंपाकघराच्या दिशेने विचारीत. घरातले पोर हट्टाला पेटले की 'याला जरा कावा द्या' असे म्हणत. कावा म्हणजे डावपेच, गनिमी कावा, एवढेच आम्हांला शाळेत शिकवलेले. घोड्याला लांब दोरीवर धरून गोल गोल फिरवणे हाही त्या शब्दाचा अर्थ आहे, हे आजोबांमुळे कळले. उधळणाऱ्या जनावराला मारायचे नसते, कावा द्यायचा असतो. त्याची धावण्याची हौस भागते आणि ते कुठे जातही नाही, असे ते सांगत. मी स्वतः आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलो, लग्नाच्या वरातीत. तेव्हाही घोडेवाल्याने लगाम माझ्या हाती दिला नव्हता. पुढे चाळीस वर्षांनी, उतारवयात, घोड्यांच्या एका घरी माझे जाणे-येणे सुरू होईल, असे कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

वाणिज्यिक कर विभागातून मी २०२० साली निवृत्त झालो. टाळेबंदीचे दिवस होते. निरोपसमारंभ झाला नाही, नारळही मिळाला नाही; एक आदेश तेवढा भ्रमणध्वनीवर आला. रामबागेतले वडिलोपार्जित घर भावाभावांत वाटले गेले होते, म्हणून आम्ही दोघे नवराबायको खजराना भागातल्या एका वसाहतीत राहायला आलो. खजराना हे एके काळी इंदूरबाहेरचे गाव होते. आता शहर त्याच्या पलीकडे बायपासपर्यंत पसरले आहे, तरी गावपण अजून सगळे पुसलेले नाही. एकीकडे गणपतीचे मंदिर, जे अहिल्याबाईंनी बांधविले असे परंपरा सांगते. दुसरीकडे नाहरशाह वलींचा दर्गा. मध्ये दाट मुसलमान वस्ती, दुधाचे गोठे, वेल्डिंगची दुकाने आणि लग्नाच्या वरातींना घोड्या पुरवणाऱ्यांचे दोनचार तबेले. मंदिरासमोर नव्या मोटारींची पूजा करून घेण्यासाठी रांग लागते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक. इंदुरात गाडी घेतली आणि खजरान्याला नेली नाही, असा मनुष्य विरळा.

आमच्या हिची दर बुधवारची फेरी ठरलेली. या मंदिराच्या मागच्या भिंतीवर नवस बोलणारे लोक उलटे स्वस्तिक काढतात. इच्छा पुरी झाली की परत येऊन ते सुलटे काढायचे, अशी इथली रीत. २०२१ च्या जानेवारीत हिने तसे एक स्वस्तिक काढले. मी बरोबर होतो. 'काय मागितलेस?' असे मी विचारले. 'सांगायचे नसते,' ती म्हणाली आणि बोटाचे कुंकू रुमालाला पुसले. मी पुढे विचारले नाही. मुलीचे पुण्यातले काही असेल, माझ्या गुडघ्याचे असेल, असे म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

त्याच वर्षीच्या एप्रिलात ती गेली. त्या महिन्याचे वर्णन करण्याची गरज नाही. ज्यांनी तो पाहिला त्यांना नको आहे आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना पटणार नाही. सव्वीस तासांत सगळे आटोपले. पुढचे जे मी केले ते मात्र मला सांगितले पाहिजे. तेराव्या दिवसापर्यंत मी बँकेतले नाव, विम्याचा दावा, गॅसची जोडणी, आधार, शिधापत्रिका असे सारे कागद मार्गी लावले. साड्या नात्यात वाटल्या. औषधे परत केली. मुलगी दूरध्वनीवर म्हणाली, 'बाबा, इतकी घाई कशाला?' मी म्हणालो, 'काम अंगावर ठेवायचे नसते.' अडतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावर फाइल कधी तुंबली नाही, याचा मला अभिमान होता. हीही तुंबली नाही.

नोव्हेंबरात एक गृहस्थ दाराशी आले. साठीच्या आतबाहेरचे, मेंदी लावलेली दाढी, अंगाला घोड्याचा वास. वस्तीत त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. वडिलांचा टांगा स्टेशन ते सरवटे बसस्टँड असा चालायचा. टांगे गेले तेव्हा यांनी वरातीच्या घोड्या पाळल्या. कोविडमुळे मृत्यू झालेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये सानुग्रह साहाय्य द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबरात झाला होता. त्यांचा मोठा मुलगा, वय तेवीस, एप्रिलातच गेलेला. लग्नसराई बंद म्हणून तो रात्री माल वाहणाऱ्या टेम्पोवर जात होता. रुग्णालयाच्या कागदावर नुसते 'न्यूमोनिया' लिहिलेले, म्हणून अर्ज परत आला होता. 'साहब, आप सरकारी आदमी रहे हो,' एवढेच ते म्हणाले. प्रमाणपत्रात कोविडचा उल्लेख नाही, एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येणार नाही, असेही न्यायालयाने म्हटले होते. जिल्हा समितीकडे तसा अर्ज मी लिहून दिला. तो मंजूर झाला, पण त्यासाठी मला चार वेळा त्यांच्या घरी जावे लागले. माझ्या कहाणीची सुरुवात तिथे झाली.

तबेल्यात तेव्हा तीन जनावरे उरली होती. दोन पांढऱ्या घोड्या. आणि कोपऱ्यात, जरा अंतर राखून, एक कुमाईत रंगाची तीन वर्षांची बछेडी, काळी आयाळ, कानांची टोके मारवाडी पद्धतीने आत वळलेली. वरातीला पांढरी घोडी लागते, तिथे कुमाईत रंगाला कुणी विचारत नाही. म्हणजे धंद्याच्या दृष्टीने ती बिनकामाची. मुलाने ती आपल्या साठवलेल्या पैशांतून, उस्तादांना न विचारता विकत घेतली होती. त्याला तिला रहवाल चालीसाठी तयार करायचे होते.

ही चाल काय असते, हे सांगितले पाहिजे. दुडकीत घोड्याचे तिरपे पाय एकदम पडतात आणि स्वार खालीवर आपटतो. रहवाल चालीत एका बाजूचे पुढचा व मागचा असे दोन्ही पाय जवळजवळ एका वेळी पडतात, मग दुसऱ्या बाजूचे. घोड्याची पाठ हलत नाही. चांगल्या रहवाल घोड्यावरच्या स्वाराने हातात पाण्याने भरलेला पेला धरला, तरी थेंब सांडू नये म्हणतात. पूर्वी लांबच्या मजला याच चालीने मारीत. आता गुजरात, राजस्थान, माळवा, खानदेश इथल्या जत्रांत या चालीच्या शर्यती होतात. बोलताना लोक 'रेवाल' म्हणतात. या शर्यतीचा नियम मोठा चमत्कारिक आहे. घोड्याने होईल तितके वेगाने जायचे, पण चाल मोडायची नाही. भरात येऊन तो चौखूर उधळला की बाद. आपल्या मुंबई-पुण्याच्या घोडदौडीत जे जनावर सर्वस्व झोकून देते त्याचे कौतुक. इथे ज्याच्या अंगात झोकून देण्याची ताकद आहे आणि तरीही जे स्वतःला आवरते, त्याचे कौतुक.

मुलगा गेला तेव्हा बछेडीचे शिक्षण अर्धे झाले होते. लोकांनी सल्ला दिला, विकून टाका. साठ हजारांवर कुणी द्यायला तयार नव्हते. उस्तादांनी हिशेब केला: पन्नास हजार सरकारी आले आहेत, त्यांतून दोन वर्षांची चंदी भागते, तयार करून सारंगखेड्याच्या यात्रेत शर्यतीत उतरवली आणि तिथे चमकली, तर तीन-साडेतीन लाखांना जाईल. टाळेबंदीतले कर्ज फिटेल. हिशेब चोख होता. मीही मान हलवली. मुलाच्या मरणाचे पैसे मुलाच्या घोडीला घालायचे आणि घोडी नीट झाली की ती विकायची. त्या हिशेबात काय आहे, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेले.

शिकवणार कोण, हा प्रश्न होता. उस्तादांचा गुडघा गेलेला. धाकटा मुलगा अकरा वर्षांचा. मधली मुलगी बी. कॉम. च्या पहिल्या वर्षाला. भावाबरोबर ती पहाटे जात असे, दोरी धरत असे. तिनेच लगाम हाती घेतला. वस्तीत कुजबुज होऊ नये म्हणून पहाटे साडेचारला निघायचे आणि उजाडण्याच्या आत परतायचे. उस्ताद सायकलवर मागे. मला झोप येत नव्हतीच. मीही जाऊ लागलो. बायपासच्या अलीकडे एका विकासकाने आखून ठेवलेली, पण न बांधलेली मोकळी जमीन होती. तिच्यावर पहिला कावा सुरू झाला, आणि मला आजोबांची आठवण झाली.

पहिल्या आठवड्यात एक अडचण उभी राहिली. जाताना वाटेत कडुनिंबाखाली चहाची एक बंद टपरी लागे. बछेडी तिथे थांबे आणि काही केल्या हलत नसे. पाचसहा मिनिटे उभी राही, मग आपली आपण पुढे निघे. भाऊ तिथे चहा प्यायचा. टपरी टाळेबंदीत बंद पडली, मुलगा गेला, पण तिच्या अंगात तो एक कप चहा तसाच होता. उस्तादांनी छडी काढली. 'आदत बिगड़ जाएगी,' ते म्हणाले. त्यांचे चुकत नव्हते. शर्यतीच्या जनावराला अशी खोड चालत नाही. मुलगी म्हणाली, 'अब्बू, चाय तो हो जाने दो.' आणि आम्ही तिघे रोज त्या बंद टपरीपुढे अंधारात उभे राहू लागलो.

हळूहळू माझ्या ध्यानात आले की त्या घरातला मोठा मुलगा फोटोत नव्हता, कबरीत नव्हता. या जनावरात होता. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या दातांच्या मध्ये रिकामी जागा असते, तिथे कडियाळे बसते. हाताने झटके देत राहिले की तिथली कातडी निबर होते, मग जनावर ओढ मानत नाही. या बछेडीचे तोंड इतके मऊ होते की करंगळीने लगाम उचलला तरी ती वळे. उस्ताद एकदा म्हणाले, 'हे त्याचे हात आहेत. मी त्याला असे हात शिकवले नव्हते. माझे हात टांगेवाल्याचे.' पण मऊ तोंडाबरोबर बाकीच्या सवयीही आल्या होत्या. वेग वाढवायचा तर तो जीभ टाळूला लावून दोनदा वाजवायचा. त्या आवाजाशिवाय ती रहवाल धरत नसे. हा आवाज धाकट्याला हुबेहूब काढता येई. पण घरात त्याला बंदी होती. पहिल्यांदा त्याने अंगणात तो काढला तेव्हा त्याची आई हातातले टाकून आत गेली, आणि दिवसभर बाहेर आली नाही.

मग काय करायचे? तो आवाज काढला नाही, तर घोडी चालत नाही. काढला, तर आई ऐकते. उस्तादांनी बछेडीला नवी खूण शिकवायचे ठरवले, टाचेची. पाच महिने त्यात गेले. ती शिकली, पण अर्धवट. मैदानावर, घरापासून लांब, मुलगी भावाचाच आवाज काढण्याचा प्रयत्न करी. तिला तो नीट जमत नसे आणि ती हसे. त्या घरात मी ऐकलेले ते पहिले हसू.

इंदूरच्या नकाशावर घोड्यांच्या खुणा बऱ्याच आहेत. पोलोग्राउंड म्हणजे आज वीज कंपनीची कार्यालये आणि कारखाने. रेसकोर्स रोडवर बंगले आणि दुकाने. नावे तेवढी उरली आहेत. त्या दिवसांत मी वाचनालयातून घोड्यांविषयी मिळेल ते आणून वाचू लागलो, आणि दोन गोष्टी मनात घर करून राहिल्या.

पहिली आपल्या शेजारच्या बडोद्याची. प्रतापसिंहराव गायकवाडांचा जन्म १९०८ सालचा. त्याच वर्षी त्यांचे वडील फत्तेसिंहराव वारले. त्यांना वारस म्हणून पुढे आणले ते आजोबांनी, म्हणजे सयाजीराव महाराजांनी. १९३९ च्या फेब्रुवारीत आजोबा गेले आणि नातू गादीवर आला. नातवाला घोड्यांचे अपार वेड. इंडियन डर्बी १९४३ साली मुंबईला सुरू झाली, ती पहिलीच यांच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' या घोडीने जिंकली. पुढे १९४५ साली इंग्लंडात त्यांनी एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले. एवढ्या वयाच्या घोड्याला ब्रिटनमध्ये तोवर तितकी किंमत कधी आली नव्हती. त्याचे नाव काय ठेवावे? सयाजीराव. ज्या आजोबांचे नाव घरातल्या सुनांनी मोठ्याने उच्चारायचे नाही, ते नाव घोड्याला! मला आधी ते विचित्र वाटले. राजेशाही लहर, असे म्हणून मी पान उलटले. १९४७ मध्ये तो घोडा 'टू थाउजंड गिनीज'मध्ये तिसरा आला, डर्बीतही तिसरा. मग आयरिश डर्बी जिंकला, आणि सप्टेंबरात, हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यानंतर काही आठवड्यांनी, डॉनकास्टरची 'सेंट लेजर' जिंकला. एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन जॉकी वर होता. त्या दिवशी इंग्रजांच्या मैदानावर गोऱ्या तोंडांनी 'सयाजीराव' असा कसाबसा गजर केला असेल. चारच वर्षांनी, १९५१ मध्ये, भारत सरकारने प्रतापसिंहरावांना पदच्युत केले. त्यांच्या उधळपट्टीविषयी जे लिहिले गेले ते खरेच आहे. करखात्यात हयात घालवलेल्या माणसाला २८,००० गिनी सहज पचत नाहीत. पण बाप न पाहिलेल्या मुलाने आजोबांचे नाव एका धावत्या जनावराला दिले, यामागे नुसती लहर असेल असे आता मला वाटत नाही. समाधीला दिलेले नाव एका जागी बसते. हे नाव अडीच मिनिटे तरी सगळ्यांच्या पुढे पळत होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, 'सेक्रेटेरिएट' नावाच्या घोड्याची. व्हर्जिनियात ख्रिस्तोफर चेनरी या गृहस्थांचे घोडे पैदाशीचे कुरण होते. १९६७ साली त्यांची पत्नी वारली, आणि त्यांचीही स्मृती जाऊ लागली. भावंडांचे मत पडले की सगळे विकून मोकळे व्हावे. मुलगी पेनी, चार मुलांची आई, दूरवर संसारात असलेली, तिने कारभार हाती घेतला. १९७३ च्या जानेवारीत वडील वारले. त्यांच्या मालमत्तेवरचा वारसाकर भरायचा तर घोडे विकावे लागणार. (ही ओळ वाचताना माझ्यातला कर अधिकारी जागा झाला, हे कबूल करतो.) तिने घोडा न विकता त्याच्या पुढच्या पैदाशीच्या हक्काचे ३२ हिस्से केले आणि प्रत्येकी १,९०,००० डॉलरला विकले, साठ लाख डॉलर उभे राहिले. अट एकच: या वर्षाअखेर घोड्याने शर्यत सोडायची. त्या उन्हाळ्यात त्याने तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या. पंचवीस वर्षांत ते कुणाला साधले नव्हते. ९ जून १९७३ रोजी बेलमाँटची शर्यत तो ३१ लांबींनी जिंकला; दीड मैल, दोन मिनिटे चोवीस सेकंद. तो विक्रम अजून मोडलेला नाही. आणि ऑक्टोबरनंतर तो पुन्हा धावला नाही.

लोक त्या ३१ लांबी सांगतात. माझे मन त्या अटीपाशी थांबले. जिंकला तरी जाणार, हरला तरी जाणार, आणि हे विकण्याच्या कागदावर सही करणाऱ्या मुलीला आधीच ठाऊक. मी पुस्तक मिटले, आणि तेव्हा कुठे उस्तादांचा हिशेब मला नीट दिसला. ही माणसे रोज पहाटे साडेचारला उठून मुलाचे उरलेसुरले हात दुसऱ्याला विकण्याजोगे करीत होती. घोडी जितकी चांगली होईल तितका तिचा निरोप जवळ.

सारंगखेडा हे नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यात, तापीच्या काठी. तिथल्या एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा बाजार भरतो. पंजाबपासून गुजरातपर्यंतचे व्यापारी येतात. २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला होती. निघण्याच्या पहाटे ट्रक दाराशी लागला. फळी टाकली, वर गवत पसरले, आणि बछेडी, आता पाच वर्षांची पुरी घोडी, फळीवर पाय ठेवीना. धाकट्याने ओढले, उस्तादांनी मागून रेटले, ट्रकवाला घड्याळ पाहू लागला. अर्धा तास झाला. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, मदतीला आली नाही. तेवढ्यात आतून भाभी बाहेर आल्या. डोक्यावरची ओढणी नीट केली, ट्रकच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि जिभेने दोनदा तो आवाज काढला. अगदी स्पष्ट, मुलापेक्षाही स्पष्ट असावा. घोडीने कान टवकारले आणि चढली. भाभी आत गेल्या. हा आवाज मुलाने कुणाकडून घेतला होता, हे त्या क्षणी आम्हां सगळ्यांना कळले. उस्तादांनाही तो पहिल्यांदाच कळला, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

जुलवानिया, खेतिया करत आम्ही गेलो. मुलीने पुण्याहून दूरध्वनीवर नापसंती दर्शवली होती. ट्रकच्या केबिनमध्ये बसून दोनशेवर किलोमीटर जाण्याचे माझे वय नव्हते. खेतियानंतर महाराष्ट्र लागला आणि पाट्या मराठी झाल्या. इंदूरच्या मराठी माणसाला त्याचे जे सुख होते ते इतरांना समजावणे कठीण. यात्रेतली धूळ, भज्यांच्या कढया, घोड्यांच्या गळ्यातले घुंगरू, आहिराणीतली घासाघीस, हे सगळे वर्णनाला सोपे आहे, म्हणून ते सोडून देतो. एका व्यापाऱ्याने घोडीचे दात पाहिले, भोवरे पाहिले, चाल पाहिली आणि शर्यतीत पहिल्या तिनांत आली तर तीन लाख वीस हजार, असा शब्द दिला. उस्तादांनी हातावर हात मारला.

धाकटा वर बसला. तेरा वर्षांचा, अंगाने हलका. आम्ही कठड्याशी. सुटली तेव्हा घोडी पाचवी-सहावी होती. मग तिने चाल धरली. मी दोन वर्षे ती पहाटेच्या अंधारात पाहिली होती. उन्हात, गर्दीपुढे, ती तशी असते हे मला ठाऊक नव्हते. पाठ जणू पाण्यावरून चालली आहे. एकेक घोडा मागे पडत गेला. ती दुसरी आली. समोरचा पंजाबी घोडा दोन हातांवर. उस्तादांनी माझा दंड घट्ट धरला. आणि दोन तृतीयांश मैदान पार झाल्यावर ती एकाएकी मोकळी झाली. चाल मोडली, चारही पाय हवेत, चौखूर. पंजाब्याला मागे टाकून ती सुसाट पहिली गेली आणि अर्थातच बाद झाली. पंचाने झेंडी दाखवली. लोक हसले, काहींनी शिट्ट्या मारल्या.

उस्ताद काही बोलले नाहीत. व्यापारी आला, आता एक लाख दहा म्हणाला. उस्तादांनी डोक्याला रुमाल बांधला आणि 'रहने दो' म्हणाले.

चाल का मोडली? पोराने लगाम सैल सोडला का? सुटण्याआधी मी त्याचे ओठ पाहिले होते; बहिणीने निघताना त्याच्या कानात काहीतरी सांगितले होते तेही मी पाहिले होते. की घोडीच आपली उधळली? आयुष्यभर लोकांची खाती तपासून, त्यांतली तफावत बाहेर काढून मी पगार घेतला. ही तपासणी मी केली नाही. परतीच्या वाटेवर पोर माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपले. धुळीने त्याच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या.

कर्ज अजून फिटायचे आहे. पांढरी एक घोडी विकली. कुमाईत घोडी तबेल्यातच आहे. दोन पावसाळे गेले. मुलगी बी. कॉम. झाली, एका सनदी लेखापालाकडे नोकरीला लागली. पहाटेची फेरी धाकटा करतो. मोकळ्या जमिनीवर इमारती उठल्या, म्हणून ते आता बायपासपलीकडे जातात, आणि तेवढे चालणे मला होत नाही. कडुनिंबाखालची टपरी पुन्हा सुरू झाली आहे. तिथवर मात्र मी जातो. घोडी थांबते, आम्ही चहा घेतो.

गेल्या बुधवारी चहा झाल्यावर मी मंदिराकडे वळलो. हिच्यानंतर मी तिथे गेलो नव्हतो. दर्शनाची रांग सोडून मागच्या भिंतीकडे गेलो. उलटी, सुलटी, एकावर एक, पुसट, ताजी, शेकडो स्वस्तिके. हिने कुठे काढले होते, ते मला आठवत होते असे मी समजत होतो. खांबापासून दोन हात, डोळ्यांच्या उंचीला. तिथे पाहिले. हाताएवढ्या जागेत सात-आठ होती, आणि मधल्या वर्षांत रंगाचे किती हात फिरले कोण जाणे. तिने मागितलेले पुरे झाले असेल तर सुलटे काढायला हवे. पण मागितले काय, हेच मला ठाऊक नाही. कुंकवाची पुडी खिशात होती. शेजारी एक नवपरिणीत मुलगी आपले स्वस्तिक काढत होती. हात पोचत नव्हता म्हणून टाचा उंचावून. 'आजोबा, जरा सरकता का?' असे ती मराठीत म्हणाली. मी सरकलो.